अकाली स्मृतिभ्रंश : खर्च किती, आणि कोणते काम आधी?

अकाली स्मृतिभ्रंशात औषधांवर सर्वांत कमी पैसे जातात. खरा फटका बसतो तो थांबलेल्या पगाराचा. त्याखालोखाल खर्च घरात ठेवाव्या लागणाऱ्या माणसाचा. तिसरा खर्च वेळेत न झालेल्या सह्यांचा, आणि तो बहुतेक कुटुंबांच्या फार उशिरा लक्षात येतो. म्हणून निदान झाल्यावर ‘चांगला डॉक्टर कोण?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणते काम आधी?’ हेही विचारावे लागते. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

वयाच्या पासष्टीच्या आत लक्षणे सुरू झाली, तर त्याला अकाली स्मृतिभ्रंश म्हणतात. हा आजार नव्या जीवनशैलीची देणगी नव्हे. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात जिच्या नोंदी ठेवल्या, ती ऑगस्टे डेटर तेव्हा ५१ वर्षांची होती. तरीही आपल्याकडची मोजदाद साठीपासून सुरू होते. देशात स्मृतिभ्रंशाचे सुमारे ८८ लाख रुग्ण असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज साठी ओलांडलेल्यांचाच आहे. पन्नाशीतला रुग्ण त्या आकड्यात नाही आणि सवलतींतही नाही. ठेवींवरचे ज्येष्ठांचे जादा व्याज, ज्येष्ठांची कर-सवलत, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन यांतले काही त्याच्या वाट्याला येत नाही. घरकर्जाचा हप्ता मात्र चालू असतो, मुले कॉलेजात असतात आणि गावाकडे आईवडीलही त्याच्याकडेच पाहत असतात.

पुढे दिलेले बाजारातले दर मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतले साधारण अंदाज आहेत. भागाप्रमाणे आणि संस्थेप्रमाणे ते कमी-जास्त होतात. त्यांचा उपयोग घासाघीस करायला आणि अंदाजपत्रक मांडायला करावा.

निदान : किती आणि कुठवर?

तरुण वयात सुरुवात नेहमी विसरण्यानेच होते असे नाही. हिशेबात चुका होतात, बोलताना शब्द सापडत नाही, रोजच्या रस्त्यावर वळण चुकते. काहींचा स्वभावच पालटतो : काटकसरी माणूस वाट्टेल ते मागवू लागतो, भिडस्त माणूस चारचौघांत काहीही बोलतो. मग ‘कामाचे टेन्शन’, ‘डिप्रेशन’, ‘पाळी जायचे वय’ अशी लेबले लागतात आणि वर्ष-दोन वर्षे निघून जातात. त्या काळात डॉक्टर बदलण्यावरच निदानापेक्षा जास्त पैसे जातात.

खासगीत साधारण खर्च असा येतो :

- न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट : १,००० ते २,५०० रुपये
- रक्ततपासण्या (बी-१२, थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंड, सिफिलिस, एचआयव्ही) : २,००० ते ४,००० रुपये
- मेंदूचा एमआरआय : ५,००० ते १०,००० रुपये
- स्मृती, भाषा, नियोजन यांची सविस्तर चाचणी : २,००० ते ६,००० रुपये
- पेट स्कॅन, गरज असेल तरच : १२,००० ते २५,००० रुपये

रक्ततपासण्या टाळू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मेंदूत साठलेले पाणी, काही संसर्ग, मेंदूची काही प्रकारची सूज, दारू यांमुळेही असाच घोटाळा होतो आणि यांतले बरेच काही उपचारांनी सुधारते. यांतल्या रक्तातून कळणाऱ्या शक्यता दोन-चार हजारांत तपासून होतात. पेट स्कॅनबद्दल मात्र डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : ‘याच्या निकालाने उपचार बदलणार आहेत का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर तो पैसा पुढे मदतनिसाच्या पगाराला लागेल.

सरकारी वाट कमी खर्चाची आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रांग लागते, पण इथले कागद पुढे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरळ उपयोगी पडतात.

घरात दोन-तीन पिढ्यांत अनेकांना पन्नाशीच्या आत हाच आजार झाला असेल, तर जनुकीय चाचणीचा विषय निघतो. अशी घराणी थोडी असतात. चाचणीचा निकाल रुग्णापेक्षा मुलांच्या आयुष्यावर जास्त परिणाम करतो, कारण असा दोष असल्यास तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. समुपदेशनाशिवाय नमुना देऊ नका.

औषधे : महिन्याला हजार ते अडीच हजार

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही नेहमीची औषधे. आजार ती थांबवत नाहीत. काहींचा दिवस काही काळ सुसह्य करतात. महिन्याचा खर्च साधारण हजार ते अडीच हजार रुपये येतो. रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावायची पट्टी घेतली तर बराच वाढतो. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. डोनेपेझिलने हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढून घ्या.

आजाराचा नेमका प्रकार कळला की पैसेही वाचतात. मेंदूच्या पुढच्या भागातून सुरू होणाऱ्या, स्वभाव पालटणाऱ्या प्रकारात डोनेपेझिलचा फायदा दिसलेला नाही. उलट चिडचिड वाढू शकते. म्हणजे चुकीच्या निदानावर वर्षानुवर्षे गोळ्या घेऊन पैसा जातो आणि त्रासही होतो.

अमेरिकेत २०२३ मध्ये लेकॅनेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला मान्यता मिळाली. लेकॅनेमॅबची तिथली जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. ही औषधे फक्त सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत. शिरेतून द्यावी लागतात, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय काढावा लागतो, आणि त्यांनी घसरण मंदावते, थांबत नाही. परदेशातल्या नातलगाने पाठवलेला व्हिडिओ पाहून फ्लॅट विकायला काढण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

स्टेम सेलच्या जाहिरातींना तर दारातूनच परत पाठवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेम सेलचे नेहमीचे उपचार रक्ताच्या काही आजारांपुरते आहेत. स्मृतिभ्रंशासाठी त्यांचे लाखांचे पॅकेज विकणारा तुमच्या हतबलतेवर धंदा करतो आहे.

नोकरी : राजीनामा देऊ नका

सर्वांत महाग चूक इथे होते. कामात चुका होऊ लागतात, साहेब बोलावून घेतो, माणूस लाजेने किंवा रागाने राजीनामा लिहून देतो. कधी घरचेच म्हणतात, ‘सोड ती नोकरी, आराम कर.’ त्या एका कागदाने पगाराबरोबर गटविमा आणि इतर बरेच हक्क जातात. आधी रजा टाका, मग हे तपासा :

सरकारी, निमसरकारी, महापालिका, सार्वजनिक बँका, अनुदानित संस्था : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. आहे ते काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे केला गेला, तर सही करण्यापूर्वी हे कलम दाखवा.

खासगी कंपनी : हे संरक्षण इथे नाही. तरीही लेखी अर्ज करून सोपे काम, कमी तास, साठलेली रजा मागता येते. कंपनीच्या गटविम्यात गंभीर आजार किंवा अपंगत्वाचा लाभ आहे का, हे एचआरकडून ईमेलवर घ्या, तोंडी नको.

कामगार राज्य विमा : महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकांसाठी दीर्घ आजारांची जी यादी आहे, तिच्यात स्मृतिभ्रंश आहे. सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास वाढीव आजारलाभ वेतनाच्या ८० टक्के दराने मिळतो.

पेन्शन : कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले, तर दहा वर्षांच्या सेवेची अट न लावता पेन्शन मिळते. किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, म्हणजे रक्कम लहान. पण पुढे जोडीदाराला मिळणारे पेन्शनही त्यातूनच चालू राहते. ‘नोकरीत असताना’ हे शब्द पुन्हा वाचा. राजीनाम्यानंतर ही वाट अवघड होते.

ग्रॅच्युइटी : अपंगत्वामुळे नोकरी संपली, तर पाच वर्षांची अट लागत नाही. म्हणून कार्यमुक्तीच्या पत्रात कारण ‘वैयक्तिक’ असे नको. ‘आजारामुळे आलेले अपंगत्व’ असे स्पष्ट लिहून घ्या.

सही आहे तोवर

आजारात सही हळूहळू बदलते. बँकेच्या काउंटरवर ते आधी कळते : चेक परत येतो, ‘सही जुळत नाही’. नव्याने नमुना सही द्यायला गेले, तर तीनदा केलेल्या तीन सह्या तीन तऱ्हेच्या होतात. काचेमागचा क्लार्क एकदा कार्डाकडे, एकदा माणसाकडे पाहतो आणि म्हणतो, ‘मॅनेजरना भेटा.’ बायको बाजूला उभी असते, पण खात्यावर तिचे नाव नसते.

अनेक वकीलही इथे ‘कुलमुखत्यारपत्र करून टाका’ असे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्यारीच संपते. म्हणजे त्याची सर्वांत जास्त गरज पडते, नेमके तेव्हाच ते निरुपयोगी ठरते. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची इथे फसगत होते, कारण क्षमता गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र ब्रिटन-अमेरिकेत करता येते. भारतातल्या मालमत्तेसाठी ते गृहीत धरू नये.

म्हणून क्षमता असतानाच पुढची कामे उरका. बहुतेकांना खर्च जवळपास नाही :

- बचत खाते आणि मुदत ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीने संयुक्त करा. फक्त वारसनोंद पुरत नाही. ती मृत्यूनंतर चालते, आजारपणात नाही.
- पीएफ, पेन्शन, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट, सोसायटी, लॉकर यांवरची नावे आणि वारसनोंदी तपासा.
- मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करावी आणि त्याच दिवशीचे ‘समजून-उमजून सही करण्याइतपत क्षमता आहे’ असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. वकिलाची फी साधारण ५,००० ते २५,००० रुपये.
- मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाला साध्या कागदावर सही करून उपचारांबाबतचा आपला नामित प्रतिनिधी नेमता येतो. खर्च शून्य.
- शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार हवेत की नकोत, याचे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते.

राहते घर जोडीदाराच्या किंवा मुलांच्या नावे करण्यासाठी बक्षीसपत्राचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २०० रुपये आहे. शहरांतला अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई करू नका. दिलेले घर सहसा परत मिळत नाही, आणि रुग्णाच्या उपचारांसाठी हीच शेवटची पुंजी असू शकते. गोव्यात स्थावर मालमत्ता विकताना पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे एकाची क्षमता गेली की दुसऱ्याचेही व्यवहार अडतात.

वेळ निघून गेली, तर उरतो तो उच्च न्यायालयाचा रस्ता. पालक नेमण्याचा १८९० चा कायदा अज्ञानांसाठी आहे आणि राष्ट्रीय न्यास कायद्यात स्मृतिभ्रंश येत नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यात वैद्यकीय अहवाल, नातेवाइकांची संमतिपत्रे आणि काही महिने जातात. वकिलाचा खर्च अनेकदा लाखाच्या घरात पोचतो. जे काम आज बँकेच्या एका फॉर्मवर होते, त्याची ही किंमत.

‘त्यांना सांगायचे कसे?’ या विचाराने काही घरांत निदान लपवले जाते. पण ज्याला आजार माहीत नाही, त्याने समजून-उमजून सह्या केल्या असे म्हणता येत नाही. आणि सुरुवातीच्या काळात रुग्णाला बरेच काही कळत असते : कोणी सांभाळावे, मुलीच्या लग्नाचे पैसे कुठे आहेत, गावच्या जमिनीचे काय करायचे. हे त्याच्याच तोंडून ऐकण्याचे दिवस मोजके असतात.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि कर

२०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत स्मृतिभ्रंश हे नाव स्वतंत्रपणे नाही. पण ‘मानसिक आजार’ या प्रकाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांतला गंभीर बिघाड येतो. अर्ज यूडीआयडी कार्डाच्या संकेतस्थळावर करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मंडळाकडे. फी नाही. जाताना एमआरआय, स्मृतिचाचणीचा अहवाल आणि घरातल्या अडचणींची एक पानी नोंद न्या : आंघोळीला आठवण करावी लागते का, पैसे मोजता येतात का, एकटे बाहेर पाठवता येते का. मंडळासमोर पाच मिनिटे रुग्ण छान बोलतो आणि टक्केवारी कमी पडते, ही नेहमीची तक्रार आहे. ती नोंद तिथे कामी येते.

४० टक्के किंवा अधिक प्रमाण मिळाल्यावर प्राप्तिकरात जुन्या करपद्धतीत हे मिळते :

- रुग्ण अवलंबून असेल, तर सांभाळणाऱ्याला कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट. प्रमाण ८० टक्के किंवा अधिक असेल, तर १,२५,०००. खर्च किती झाला हे पाहिले जात नाही.
- रुग्णाचे स्वतःचे उत्पन्न असेल, तर तेवढीच वजावट त्याला कलम ८०यूखाली.
- प्रत्यक्ष उपचारखर्चासाठी कलम ८०डीडीबी. त्याच्या यादीत स्मृतिभ्रंशाचे नाव आहे. न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते आणि मर्यादा ४०,००० रुपये; एक लाखाची मर्यादा साठीपुढच्या रुग्णासाठी.

२० टक्के कर भरणाऱ्याचे ७५,००० च्या वजावटीने उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. मात्र नव्या करपद्धतीत या वजावटी नाहीत, म्हणून दोन्ही हिशेब मांडून पाहा. ही कलमे १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने त्यानंतर कलमांचे क्रमांक बदलतात.

प्रमाणपत्रावर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. उत्पन्न फारच कमी असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

विमा : आहे तो सोडू नका

नवी आरोग्यविमा पॉलिसी देताना आधीपासून असलेला अल्झायमर कायमचा वगळण्याची मुभा कंपन्यांना आहे. म्हणून जुनी पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. नोकरी सुटणार असेल, तर गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज मुदतीत द्या. हप्ता भरणे हे काम रुग्णाकडे असेल, तर ते आजच काढून घ्या.

जुन्या आयुर्विमा पॉलिसी बाहेर काढा. गंभीर आजाराचा किंवा अपंगत्वात हप्ता माफ होण्याचा जोडलाभ घेतलेला असतो आणि कोणाच्या ध्यानीमनी नसतो. घरकर्जाबरोबर विकलेल्या विम्याचेही तेच. आरोग्यविमा, तसेच पाच लाखांपर्यंतची महात्मा फुले आणि आयुष्मान योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत. घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार यांतून मिळत नाही, आणि खरा खर्च तोच असतो.

घरात माणूस ठेवणे

ब्युरोचे दर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या रुग्णासाठी ठरलेले असतात. तुमचा रुग्ण ५४ वर्षांचा, धडधाकट, दिवसातून चारदा ‘ऑफिसला जातो’ म्हणून चप्पल घालणारा. फोनवर ब्युरोवाला विचारतो, ‘पेशंट चालता आहे का?’ हो म्हटले की दर बदलतो आणि ‘मावशी नाही, मामा पाठवतो’ असे उत्तर येते.

- बारा तासांचा मदतनीस : दिवसाला ७०० ते १,००० रुपये
- चोवीस तास घरी राहणारा : दिवसाला १,००० ते १,५०० रुपये, शिवाय जेवण
- प्रशिक्षित नर्स : बारा तासांना १,२०० ते २,००० रुपये, सुरुवातीला हिची गरज नसते
- ब्युरोची नोंदणी किंवा कमिशन : काही ठिकाणी एकरकमी, काही ठिकाणी रोजच्या दरातच

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या : माणूस आला नाही तर बदली किती वेळात, सुट्टीचे आणि सणाचे पैसे कसे, कामात आंघोळ, फिरवणे, रुग्णाचे कपडे यांतले काय धरले आहे, आणि दिलेल्या पैशांतले त्याच्या हातात किती पडतात. शेवटचा प्रश्न खासगी वाटतो, पण ज्याच्या हातात निम्मेच पडतात, तो पंधरा दिवसांत निघून जातो आणि रुग्णाला पुन्हा नवा चेहरा ओळखावा लागतो. आधार आणि पोलीस पडताळणी यांत भीड बाळगू नका. दागिने आणि कार्डे कुलपात ठेवा. संशयाने नव्हे, तर वस्तू रुग्णच कुठेतरी ठेवून विसरतो आणि आळ मदतनिसावर येतो म्हणून.

चालत्याफिरत्या रुग्णासाठी आणखी काही खर्च आधीच करा. गळ्यात किंवा मनगटात नाव-फोन नंबरचे बिल्ले, दाराला वरची कडी, गॅसला बंद करायची वेगळी कळ : सगळे मिळून दोन-तीन हजार. त्याच्या मोबाइलवरचे यूपीआय कमी शिल्लक असलेल्या वेगळ्या खात्याला जोडा. क्रेडिट कार्ड आणि झटपट कर्जाची ॲपे काढून टाका. गाडीच्या किल्ल्या काढून घेणे सर्वांत कठीण, पण अपघाताच्या खर्चापुढे रिक्षाभाडे काहीच नाही.

पुढच्या टप्प्यात डायपरचे महिना ३,००० ते ५,००० रुपये आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे दर भेटीला ४०० ते ८०० रुपये धरा. निवासी केंद्रांचा आकार महिना २५,००० ते ७०,००० रुपये, वर अनामत. विचारा : साठीखालचा रुग्ण घेता का? आक्रमक झाल्यास परत पाठवता का? डायपर, औषधे, डॉक्टर वेगळे का? अनामत किती दिवसांत परत? आधी न कळवता एकदा जेवणाच्या वेळी जाऊन या.

एक हिशेब

उदाहरणादाखल ठाण्यातले घर घेऊ. नवरा ५३ वर्षांचा, पगार ८०,०००. बायकोचा पगार ३५,०००. घरकर्जाचा हप्ता २८,०००, घरखर्च ३०,०००. आता त्यात डॉक्टर-औषधे ३,५०० आणि महिन्याचे २६ दिवस ९०० रुपयांनी मदतनीस, म्हणजे २३,४००. एकूण खर्च ८४,९००. नवऱ्याचा पगार थांबला, तर घरात येणार फक्त ३५,०००. महिन्याची तूट ४९,९००.

यातून दोन गोष्टी दिसतात. रजा, बदली, सोपे काम यांनी राजीनामा सहा महिने जरी पुढे ढकलला, तरी ४,८०,००० रुपये घरात येतात. डॉक्टर-औषधांच्या अकरा वर्षांच्या खर्चाइतके. दुसरे, मदतनिसाचे २३,४०० वाचवायला बायकोने ३५,००० ची नोकरी सोडणे तोट्याचे आहे, तिचा पीएफ आणि आरोग्यविमा धरला तर जास्तच. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करण्यासाठी बँकेत जा, तेही हप्ता थकण्यापूर्वी.

सांभाळणाऱ्याचा खर्चही लिहा

अंदाजपत्रकात एक ओळ सांभाळणाऱ्याच्या नावाने हवी : आठवड्यातून एक अर्धा दिवस सुट्टी, वर्षातून एकदा तब्येतीची तपासणी, गरज पडल्यास समुपदेशन. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षित स्थानिक सल्लागार घरोघरी पाठवून केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारल्याचे दिसले होते. त्यासाठी मोठी यंत्रे लागली नव्हती. माहिती, मदतीचा हात आणि ऐकणारे माणूस लागले होते. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था आहे. तिच्या शाखांतून आधारगटांची माहिती मिळते. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येते, वयाची अट नाही.

नातेवाइकांनी ‘काही लागले तर सांगा’ म्हणण्यापेक्षा नेमके काम उचलावे : दिराने दर रविवारी चार तास, नणंदेने विम्याचे कागद, मुलाने पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम. भाऊबहिणींमध्ये वाटा किती, हे पहिल्याच महिन्यात कागदावर आले, की पुढची कटुता टळते.

निदानाचा कागद हाती असेल, तर या आठवड्यात आधी बँकेत जा, मग एचआरकडे, मग सरकारी रुग्णालयाच्या दिव्यांग विभागात. दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांची वेळ महिन्याने मिळाली तरी फारसे बिघडत नाही. ही तीन कामे मात्र महिनाभर पुढे ढकलू नका.